कार्निव्हल, गोव्यातील

ख्रिस्ती धर्मीयांच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळापूर्वी गोव्यात साजरा होणारा नागरी व ग्रामीण लोकोत्सव. कोकणी भाषेत यास ‘इंत्रुज’ असे म्हणतात. पोर्तुगीज अंमलाबरोबर (१५१०–१९६१) हा यूरोपीय उत्सव गोव्यात आला आणि तेथील लोकनाट्य, ग्रामीण वाद्ये, जमीनदारी व्यवस्था व सण साजरे करण्याच्या जुन्या रीती यांच्याशी एकरूप होत गेला. पणजी, मडगाव, वास्को द गामा व म्हापसा या शहरांतील चित्ररथांच्या मिरवणुका हे त्याचे सध्याचे सर्वपरिचित रूप असले, तरी ते रूप प्रामुख्याने १९६५ नंतरचे आहे. त्यामागील परंपरा अधिक जुनी, अधिक घरगुती आणि पुष्कळ अंशी ग्रामीण होती. परकीय सत्तेबरोबर आलेला उत्सव ती सत्ता गेल्यानंतर कोणाचा मानावा, हा प्रश्न गोव्याच्या आधुनिक इतिहासात या निमित्ताने वारंवार उपस्थित झालेला आहे. या उत्सवाच्या इतिहासाचे महत्त्व म्हणूनच केवळ मनोरंजनापुरते मर्यादित नाही.

व्युत्पत्ती व काल : ‘कार्निव्हल’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिन-इटालियन भाषांतील ‘मांस दूर सारणे’ या अर्थाच्या शब्दसमूहापासून आला, असे सर्वसाधारणपणे मानतात. ‘मांसा, तुला निरोप’ ही त्याची लोकप्रिय फोड मागाहून रूढ झाली. कोकणीतील ‘इंत्रुज’ हा शब्द पोर्तुगीज ‘एंत्रुदो’ या शब्दावरून आलेला असून त्याचे मूळ ‘प्रवेश’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. हा प्रवेश अर्थातच उपवासकाळातील होय. या उपवासकाळास पोर्तुगीजमध्ये ‘क्वारेस्मा’ व कोकणीत ‘कोरेज्म’ असे म्हणतात. त्याचा आरंभ राखेच्या बुधवारी होतो. त्या दिवशी धर्मगुरू भाविकांच्या कपाळी राख लावून मानवी जीवनाच्या क्षणभंगुरतेचे स्मरण करून देतात. त्यापूर्वीचे तीन-चार दिवस खाणेपिणे, नाचगाणी व थट्टामस्करी यांसाठी मोकळे ठेवण्याची प्रथा यूरोपातील कॅथलिक प्रदेशांत दृढ झाली. गोव्यात हा उत्सव ‘साबादो गॉर्दो’ म्हणजे पुष्ट शनिवारी सुरू होऊन मंगळवारी रात्री संपतो.

या उत्सवाची तारीख दरवर्षी बदलते. वसंतसंपातानंतरच्या, म्हणजे चर्चच्या गणनेप्रमाणे २१ मार्च रोजी वा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढील रविवारी ईस्टर येतो व राखेचा बुधवार त्याच्या ४६ दिवस आधी असतो. त्यामुळे कार्निव्हल फेब्रुवारीच्या आरंभापासून मार्चच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंत केव्हाही येऊ शकतो. ईस्टरची पौर्णिमा बहुधा चैत्री पौर्णिमा असल्यामुळे कार्निव्हलचे दिवस पुष्कळदा माघी अमावास्येच्या, म्हणजेच महाशिवरात्रीच्या आसपास पडतात. उदा., २०२२ मध्ये कार्निव्हलचा अखेरचा मंगळवार व महाशिवरात्र एकाच दिवशी (१ मार्च) होती. अशा वर्षी पंधरवड्याच्या अंतराने फाल्गुनी पौर्णिमा व तिच्याबरोबर गोव्यातील हिंदू समाजाचा शिगमो येतो. दोन भिन्न धर्मपरंपरांचे हे सण हिवाळा सरताना व शेतीची पहिली मोठी कामे आटोपल्यावर एकामागोमाग येत असल्यामुळे त्यांची परस्परांवर छाया पडणे स्वाभाविक होते.

यूरोपीय पार्श्वभूमी : कार्निव्हलचे मूळ रोमन काळातील सॅटर्नेलिया व ल्यूपरकेलिया या उत्सवांत शोधण्याचा प्रयत्न अनेकांनी केलेला आहे. सॅटर्नेलियात धनी व दास यांच्यातील भेद काही काळ शिथिल होत असे. या उत्सवांचा कार्निव्हलशी थेट संबंध सिद्ध करणे अवघड असले, तरी व्यवस्था तात्पुरती उलटी करण्याची कल्पना दोहोंत समान आहे. मध्ययुगीन यूरोपात कार्निव्हल ही नगरजीवनातील एक महत्त्वाची संस्था बनली. नगराचा एक खोटा राजा निवडावा, मुखवटे घालून उच्चनीचता झाकावी, धर्मगुरू, न्यायाधीश व सरदार यांच्या नकला कराव्यात आणि बुधवारी सर्वांनी पूर्ववत आपापल्या जागी जावे, असा त्याचा क्रम असे. डच चित्रकार पीटर ब्रगेल (थोरला) याने १५५९ मध्ये रंगविलेल्या प्रसिद्ध चित्रात पिंपावर बसलेला लठ्ठ कार्निव्हल व कृश उपवासकाळ यांचे द्वंद्व दाखविले आहे.

हा खेळ नेहमीच निरुपद्रवी राहिला नाही. फ्रान्समधील रोमां या नगरात १५८० च्या कार्निव्हलमध्ये करांच्या बोजाने त्रासलेले कारागीर व नगरातील श्रीमंत वर्ग यांच्यातील तेढ विकोपास जाऊन रक्तपात झाला. फ्रेंच इतिहासकार एमान्युएल ल रॉय लादुरी याने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या घटनेचा सविस्तर अभ्यास केला आहे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा १७९७ मध्ये नेपोलियनने शेवट केला, तेव्हा तेथील मुखवट्यांच्या उत्सवासही ओहोटी लागली. त्याचे पुनरुज्जीवन १९७९ मध्ये झाले. प्रशियाच्या अंमलाखाली आलेल्या कोलोन शहरात १८२३ मध्ये नागरिकांनी उत्सवसमिती स्थापन करून कार्निव्हलला शिस्तबद्ध मिरवणुकीचे रूप दिले. लष्करी गणवेश व कवायती यांचे विडंबन हा तेव्हापासून तेथील उत्सवाचा एक विशेष होय. अशा रीतीने कार्निव्हल हे यूरोपात संस्कृतीबरोबरच राजकीय मतप्रदर्शनाचेही एक साधन ठरले. व्यवस्थेचे हे तात्पुरते उलटणे सत्तेला आव्हान देते की लोकांचा रोष ओसरून जाण्यास वाट देऊन सत्तेलाच स्थैर्य देते, याविषयी विचारवंतांत मतभेद आहेत. रशियन समीक्षक मिखाइल बाख्तीन याने राब्लेवरील ग्रंथात (१९६५) कार्निव्हलच्या हास्याला मुक्तीदायी सामर्थ्य असल्याचे प्रतिपादन केले.

यूरोपीय वसाहतींबरोबर हा उत्सव समुद्रापार गेला आणि तेथे त्याचे अर्थ बदलले. कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर गुलामगिरीच्या उच्चाटनानंतर मुक्त झालेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी मळेवाल्यांचा हा उत्सव आपलासा केला. तेथील मशालींची मिरवणूक रोखण्याच्या पोलिसांच्या प्रयत्नातून १८८१ मध्ये दंगल उसळली. ब्राझीलमध्ये पोर्तुगीजांच्या एंत्रुदोत पाणी, पीठ व रंग यांची फेकाफेक होई. एकोणिसाव्या शतकात तेथील उच्चवर्गाने ती रीत असंस्कृत ठरवून पॅरिस व व्हेनिसच्या धर्तीवर मुखवट्यांचे नृत्यसमारंभ व रथांच्या मिरवणुका सुरू केल्या. पुढे विसाव्या शतकात गरीब वस्त्यांतील सांबा मंडळांनी या मिरवणुकांचा कब्जा घेतला. रीओ दे जानेरो येथील कार्निव्हलचे जगप्रसिद्ध रूप यातूनच घडले. गोव्याचा इतिहास समजून घेण्यास ही तुलना उपयुक्त आहे, कारण गोव्यातही ‘इंत्रुज’ व ‘कार्नाव्हाल’ हे दोन शब्द दोन स्तरांवरील दोन परंपरा सूचित करतात.

पोर्तुगीजकालीन गोव्यातील स्वरूप : आफोंसो द आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा जिंकले. त्यानंतर तिसवाडी, बार्देश व साष्टी या ‘जुन्या काबिजादीं’त ख्रिस्ती धर्माचा मोठ्या प्रमाणावर प्रसार झाला. इतर महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आले व तेथील बहुसंख्य समाज हिंदूच राहिला. कार्निव्हलची परंपरा मुख्यतः जुन्या काबिजादींत आढळते, त्याचे हे कारण होय. धर्मांतरितांच्या जुन्या चालीरीतींवर १५६० मध्ये स्थापन झालेल्या धर्मसमीक्षण संस्थेची (इन्क्विझिशन) करडी नजर असे. तिच्या १७३६ च्या फर्मानाने लग्नकार्यांतील पारंपरिक गाणी, विधी व देवघेवीचे प्रकार यांवर बंदी घातली. ही संस्था १८१२ मध्ये कायमची बंद झाली. जुन्या गाण्याबजावण्याला अशी आडकाठी असलेल्या समाजात, चर्चच्या पंचांगाच्या आधाराने येणारे मोकळीकीचे हे तीन-चार दिवस किती मोलाचे ठरले असतील, याची कल्पना करता येते. लोकांच्या जुन्या हौसेला नव्या सणाचा आश्रय मिळाला.

नगरांतील उत्सव जमीनदार, अधिकारी व व्यावसायिक यांच्या घरांभोवती फिरत असे. मित्रपरिवाराने वेषांतर करून, वाद्ये वाजवीत एखाद्या घरावर अचानक ‘हल्ला’ करावा, यजमानाने तो हसतमुखाने सोसून नाचगाण्याची व खाण्यापिण्याची व्यवस्था करावी, असा ‘आसाल्तो’ नावाचा प्रकार लोकप्रिय होता. रस्त्यांवर व सज्जांतून एकमेकांवर पिठाच्या कागदी पुड्या, पाणी, रंगीत कागदाचे तुकडे व फिती फेकण्यात येत. धनी व चाकर एकमेकांचे वेष घेत, गोरे तोंडाला काजळ व काळे पीठ फासत, असेही परंपरेने सांगितले जाते. पोर्तुगीज साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने १८६९ मध्ये संपुष्टात आली. तत्पूर्वी गोव्यातील श्रीमंत घरांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम असत, हे लक्षात घेता या वेषबदलाला केवळ गंमतीपलीकडचा अर्थ होता. राजधानी पणजीला (अधिकृतपणे १८४३) आल्यानंतर नगरातील उत्सवाला सार्वजनिक रूप येत गेले. क्लुब नासियोनाल व क्लुब वास्को द गामा यांसारख्या मंडळांच्या दिवाणखान्यांत नृत्यसमारंभ होऊ लागले. अखेरच्या मंगळवारी रात्री क्लुब नासियोनालमध्ये होणारे तांबड्या व काळ्या पोशाखांतील नृत्य ही पणजीची एक खास ओळख बनली.

ग्रामीण परंपरा : साष्टी तालुक्यातील गावांत इंत्रुजाचे मुख्य अंग म्हणजे ‘खेळ’ हे लोकनाट्य होय. खेळगड्यांचे मेळ वाड्यावाड्यांतून फिरत आणि घराच्या अंगणात किंवा चर्चजवळच्या मोकळ्या जागेत कोकणीतून लहान लहान नाट्यप्रवेश सादर करीत. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. घुमट, म्हादळे व कासाळे या देशी वाद्यांच्या जोडीला पुढे तुतारीच्या जातीची पाश्चात्त्य वाद्ये व ढोल आले. कथानके गावातील घडामोडींवर बेतलेली असत. कंजूष भाटकार (जमीनदार), त्याची दिमाखदार पत्नी, गांजलेला मुंडकार (जमीनदाराच्या जागेत घर असलेले कूळ), मुंबईहून किंवा बोटीवरून परतलेला बढाईखोर तरुण ही पात्रे त्यांत हमखास येत. एरवी ज्याच्यासमोर मान वर करता येत नसे, त्या भाटकाराच्याच अंगणात त्याची नक्कल केली जाई व तोच खेळगड्यांना बिदागी देई. यातील टीका प्रेक्षकांना नेमकी कळे आणि तरीही ती ‘खेळ’ म्हणून सोडून दिली जाई. कोकणी रंगभूमीवरील ‘तियात्र’ या नाट्यप्रकाराच्या घडणीत एकीकडे इटालियन संगीतिकेचा, तर दुसरीकडे खेळ व जागर या लोकनाट्यांचा वारसा दिसून येतो. पहिला तियात्र लुकाझीन रिबेरो याने १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत सादर केला. पुढे खेळ व तियात्र यांच्या संयोगातून ‘खेळ-तियात्र’ हा रंगमंचीय प्रकार उदयास आला.

साष्टीतीलच चांदर येथील ‘मुसळ खेळ’ हा इंत्रुजाचा आणखी एक लक्षणीय आविष्कार. चांदर म्हणजे प्राचीन चंद्रपूर. गोव्याच्या कदंब राजवंशाची ती एके काळची राजधानी होती. कार्निव्हलच्या सोमवारी रात्री तेथील ख्रिस्ती क्षत्रिय (चार्दो) समाजातील पुरुष पारंपरिक वेषात, मुसळासारखे लांब दांडे जमिनीवर तालात आपटीत घरोघरी नाचत जातात. हे नृत्य विजयनगरच्या राजाच्या विजयाचे स्मारक आहे, अशी स्थानिक परंपरा आहे. तिची ऐतिहासिकता काहीही असो, धर्मांतरापूर्वीची सामूहिक स्मृती एका कॅथलिक सणाच्या पोटात शतकानुशतके जतन झाली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. इंत्रुजास केवळ आयात केलेला उत्सव म्हणणे किती अपुरे आहे, हे यावरून दिसते.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर गोव्यातील हिंदूंना नागरी समानता मिळाली व वृत्तपत्रे आणि सार्वजनिक जीवन काही काळ मोकळे झाले. तथापि १९२६ च्या लष्करी उठावानंतर व विशेषतः आंतोन्यु द ऑलिव्हेइरा सालाझारच्या राजवटीत परिस्थिती पालटली. वसाहतींविषयीच्या १९३० च्या कायद्याने गोमंतकीयांचे दुय्यम स्थान अधोरेखित केले. मुद्रणावर पूर्वतपासणी आली व सभास्वातंत्र्य उरले नाही. राममनोहर लोहिया यांनी १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे केलेला सत्याग्रह या बंधनांविरुद्धच होता. ज्या उत्सवाचा प्राण विडंबन व रस्त्यावरील मुक्त संचार हा आहे, तो अशा वातावरणात फुलणे शक्य नव्हते. नगरांतील कार्निव्हल बव्हंशी मंडळांच्या चार भिंतींआड गेला. गावातील खेळ मात्र चालू राहिले.

याच काळात या उत्सवामागील संस्कृतीविषयी दोन परस्परविरोधी विचार मांडले गेले. राष्ट्रवादी नेते त्रिस्ताव ब्रागांसा कुन्हा यांनी गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणाविषयीच्या आपल्या पुस्तिकेत (१९४४) पोर्तुगीज सत्तेने गोमंतकीय माणसाचा स्वत्वाचा धागा तोडला आणि त्याला परक्या जीवनपद्धतीचे अनुकरण करावयास लावले, असे परखड प्रतिपादन केले. याउलट ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेइरे यांनी पोर्तुगीजांनी उष्ण कटिबंधातील समाजांशी विशेष मिसळून एक संमिश्र संस्कृती घडविली, असा सिद्धान्त मांडला. त्यांनी १९५१ मध्ये गोव्यासही भेट दिली. सालाझारच्या शासनाने या सिद्धान्ताचा उपयोग वसाहती टिकविण्याच्या समर्थनासाठी करून घेतला. उत्सवाचा आनंद घेणारा सामान्य गोमंतकीय या दोन्ही सिद्धान्तांपासून दूर होता. तरीही मुक्तीनंतर कार्निव्हलविषयी जी चर्चा झाली, तिची बीजे या मतभेदात आढळतात.

भारतीय सैन्याने १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त केले. डिसेंबर १९६३ मधील पहिल्या निवडणुकीनंतर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण करावे, ही त्या पक्षाची भूमिका होती. जॅक द सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोवन्स पक्षाने गोव्याच्या वेगळेपणाचा पुरस्कार केला. या राजकीय वातावरणात, १९६५ साली, तिमोतेओ फर्नांडिस या संगीतकाराने पणजीच्या कार्निव्हलचे पुनरुज्जीवन केले. त्यांच्यासमोर रीओ दे जानेरोच्या मिरवणुकीचा आदर्श होता आणि पहिला ‘किंग मोमो’ही तेच झाले. मोमो हे नाव ग्रीक पुराणकथांतील मोमुस या थट्टेच्या देवतेवरून आलेले आहे. देवांचीही टवाळी करण्याच्या खोडीमुळे त्याची ऑलिंपस पर्वतावरून हकालपट्टी झाली, अशी कथा आहे. उत्सवाच्या आरंभी किंग मोमो आपले राज्य सुरू झाल्याचे जाहीर करून प्रजेला खाण्यापिण्याचा व मौज करण्याचा हुकूम देतो.

विलीनीकरणाच्या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ व विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. मतदानानंतर तीनच आठवड्यांच्या आत त्या वर्षीच्या कार्निव्हलचे दिवस (४–७ फेब्रुवारी) आले. कौलाचा निर्णय भाषा, नोकऱ्या, जमीन व राजकीय प्रतिनिधित्व अशा अनेक कारणांनी घडला. तो एखाद्या उत्सवाच्या बाजूने वा विरोधात नव्हता. परंतु वेगळ्या गोमंतकीय अस्मितेची जी कल्पना या काळात आकारास आली, तिच्या दृश्य प्रतीकांत कार्निव्हलची गणना होऊ लागली.

शासन, पर्यटन व वाद : १९७० च्या दशकापासून शासनाने पर्यटनवाढीच्या दृष्टीने कार्निव्हलला आश्रय दिला. पणजीपाठोपाठ मडगाव, वास्को व म्हापसा येथेही चित्ररथांच्या मिरवणुका सुरू झाल्या. सामान्यतः शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को व मंगळवारी म्हापसा असा क्रम असतो. रथांसाठी बक्षिसे ठेवली जातात. त्यांत पारंपरिक व्यवसाय, पर्यावरण, सामाजिक प्रश्न आदी विषय असतात आणि व्यापारी संस्थांचे जाहिरातवजा रथही असतात. यूरोपातून पर्यटकांना थेट घेऊन येणारी खास विमाने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून गोव्यात उतरू लागली व उत्सवाच्या प्रसिद्धीस वेगळेच वळण मिळाले. पर्यटनाच्या जाहिरातींत गोवा हा जणू यूरोपचा एक तुकडा असल्याचे चित्र रंगविले जाऊ लागले व कार्निव्हल त्याचे बोधचिन्ह ठरला.

यावर तीन बाजूंनी आक्षेप घेण्यात आले. चर्चच्या वर्तुळातून असे सांगण्यात आले, की कार्निव्हल हा धार्मिक सण नसून त्यातील मद्यपान व उच्छृंखलपणा ख्रिस्ती समाजाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. स्त्रीसंघटनांनी रथांवरील स्त्रियांच्या प्रदर्शनाला व उत्सवाच्या जाहिरातींतील त्यांच्या चित्रणाला विरोध केला. तिसरा आक्षेप राष्ट्रवादी भूमिकेतून आला. वासाहतिक सत्तेचा वारसा सरकारी खर्चाने का मिरवावा, असा त्याचा रोख होता. वास्को द गामाच्या भारतातील आगमनाला १९९८ मध्ये ५०० वर्षे पूर्ण झाली. त्या प्रसंगाच्या उत्सवीकरणाला गोव्यात झालेल्या विरोधातही हीच भावना व्यक्त झाली होती. या तिन्ही आक्षेपांत तथ्य असले, तरी त्यांचा रोख मुख्यतः शहरी व सरकारी मिरवणुकीवर आहे. चांदरचा मुसळ खेळ किंवा साष्टीतील अंगणातला खेळ त्यांच्या कक्षेत येत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती समाजाचे प्रमाण सु. २५ टक्के होते. मिरवणुकीत भाग घेणारे व ती पाहणारे यांत सर्व धर्मांचे लोक असतात. शासनाने शिगम्याच्या चित्ररथ-मिरवणुकांनाही अशाच स्वरूपाचे उत्तेजन दिले. परिणामी दोन्ही उत्सवांच्या शहरी रूपांत रचनेचे साम्य निर्माण झाले आहे.

विडंबनाची परंपरा : सत्ताधाऱ्यांची थट्टा करण्यास वर्षातील एक दिवस मोकळा ठेवण्याची रीत केवळ यूरोपीय नाही. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत काढण्याची प्रथा आहे. गोंदिया-भंडारा भागातील गावांतून रोगराई व पीडा घेऊन जाण्याचे साकडे घालीत मारबत शिवेबाहेर नेतात. नागपूरच्या काळ्या व पिवळ्या मारबतींच्या मिरवणुकीची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची असून तीत महागाई, भ्रष्टाचार व पुढारी यांच्यावर टीका करणारे ‘बडगे’ असतात. शिमग्यातील सोंगे व तमाशातील वग यांतही हीच वृत्ती दिसते. गोव्यातील खेळ या देशी परंपरेला जितका जवळचा आहे, तितकाच तो पोर्तुगालमधील एंत्रुदोलाही जवळचा आहे. या दोन प्रवाहांच्या संगमामुळेच परका उत्सव गावकऱ्यांना परका वाटला नाही.

या परंपरेची सामाजिक पार्श्वभूमी मात्र बदलली आहे. १९६४ चा कुळकायदा व १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा यांमुळे भाटकाराची सत्ता पुष्कळ अंशी संपली आणि खेळातील थट्टेचे जुने लक्ष्य नाहीसे झाले. त्याची जागा राजकीय पुढारी, जमिनींचे दलाल, भ्रष्टाचार व स्थलांतर या विषयांनी घेतली. खेळ-तियात्र रंगमंचावर गेल्याने त्याला व्यावसायिक स्थैर्य लाभले. परंतु ज्याची नक्कल करावयाची त्याच्याच दारात ती करण्यातले धाडस त्यात राहिले नाही. शहरी मिरवणुकीत तर विडंबनाला आणखी मर्यादा पडतात. मिरवणुकीचा खर्च, मार्ग व बक्षिसे शासन वा व्यापारी संस्था ठरवू लागल्या, की त्यांच्यावरील टीकेला साहजिकच आवर बसतो. कोलोनच्या नागरिकांनी आपली समिती स्वतः उभारली होती. पणजीच्या उत्सवाला मिळालेला राजाश्रय त्याच्या विस्ताराचे कारण ठरला, तसाच त्याची धार बोथट होण्याचेही कारण ठरला.

मूल्यमापन : गोव्यातील कार्निव्हलकडे पोर्तुगीज सत्तेचा अवशेष म्हणून पाहणे किंवा यूरोपीय संस्कृतीचे भूषण म्हणून पाहणे, या दोन्ही दृष्टी एकांगी आहेत. सत्तेने आणलेला उत्सव सत्ताधाऱ्यांचाच राहतो असे नाही, हे त्रिनिदाद व ब्राझील यांच्या इतिहासातून दिसते. गोव्यात तो भाटकाराच्या अंगणात मुंडकाराने, आणि चांदरच्या वाटांवर कदंबांच्या जुन्या राजधानीतील वंशजांनी आपलासा केला. मुक्तीनंतर त्याला राजकीय अस्मितेचे व नंतर पर्यटनव्यवसायाचे अर्थ चिकटले. उत्सवाचे भवितव्य त्याच्या उगमावर अवलंबून नसून, थट्टा करण्याचा त्याचा मूळ अधिकार लोकांच्या हाती कितपत राहतो यावर ते अवलंबून आहे. मोमो राजाचे राज्य बुधवारी संपते. परंतु त्याच्या तीन-चार दिवसांच्या राज्यात सामान्य माणसाला जे बोलता येते, त्यावरून उरलेल्या वर्षातील राज्यकर्त्यांविषयीही पुष्कळ समजून येते.